सहा इंचांचं पाऊल

अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावरचं माझं पहिलं काम जमिनीपासून तीस फूट उंचीवर होतं. सरावाचं चित्रण करायला मैदानाच्या टोकाला एक लिफ्ट असते, कात्रीसारखी उघडत वर जाणारी. तिच्यावर कॅमेरा घेऊन दोन-अडीच तास उभं राहायचं. चढण्याआधी वाऱ्याचा वेग मोजायचा, वहीत लिहायचा, आणि तो ठरलेल्या आकड्याच्या वर असला तर कुणी कितीही रागावलं तरी चढायचं नाही. २०१० साली शेजारच्या इंडियाना राज्यात असंच चित्रण करणारा एक विद्यार्थी वाऱ्यात लिफ्ट कोसळून गेला होता. पहिल्या दिवशी आम्हाला आधी हे सांगितलं, खेळाचं नंतर.

हे २०१३ सालचं. मी ओहायोतल्या एका विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला होतो. मामानं आईसाठी भरलेला अर्ज बारा वर्षांनी मंजूर झाला आणि आम्ही सगळे अमेरिकेत आलो, तेव्हा मी १९ वर्षांचा होतो. त्याआधी कोल्हापुरात गल्लीतल्या तालमीत सात-आठ वर्षं लाल माती अंगाला लावली होती. मोठा पैलवान झालो नाही, पण पहाटे चारला उठायची सवय आणि समोरच्याच्या पायांकडे बघायची सवय, या दोन्ही तिथून आल्या. अमेरिकन फुटबॉल मी कधीच खेळलो नव्हतो. टीव्हीवर पाहिला तेव्हा पाच सेकंद पळायचं आणि अर्धा मिनिट थांबायचं, एवढंच मला त्यात दिसलं होतं.

लिफ्टवरून तो वेगळाच दिसला. गोलमागून बघताना चेंडू फारसा दिसत नाही. दिसतात ती चेंडूच्या रेषेवर ओणवी झालेली पाच माणसं. मधे सेंटर, त्याच्या दोन्ही अंगांना गार्ड, बाहेरच्या बाजूंना टॅकल. एकेकाचं वजन १३०-१३५ किलो. चेंडू हलला की हे पाचही जण एकाच क्षणी एक पाऊल टाकतात. ते पाऊल जेमतेम सहा इंचांचं असतं. तिसऱ्या दिवशी कॅमेऱ्यातून ते पाऊल बघता बघता मला खाली ओरडणाऱ्या कोचचे शब्द नीट ऐकू आले. कंबर खाली, मान वर, आधी पाय, मग हात. पट काढायला शिरताना आमचे वस्ताद हेच ओरडायचे, याच क्रमानं. त्या उंचीवर माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ज्या गोष्टीतलं मला काही कळतं अशी अमेरिकेत मला भेटलेली ती पहिली गोष्ट.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडंसं. मैदान १०० यार्डांचं. चेंडू हातात असलेल्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं, गेले की पुन्हा चार प्रयत्न. चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक, तो घेऊन पळणारा रनिंग बॅक आणि झेलणारे रिसीव्हर यांची नावं लोक लक्षात ठेवतात. या पाच जणांच्या पाठीवर ५० ते ७९ मधला आकडा असतो, आणि तो आकडा घालून पुढे फेकलेला चेंडू झेलायची मुभा नसते. त्यांच्या नावापुढे ना धावा, ना झेल. लागते ती चूक. समोरच्याला धरून ठेवलं तर संघ दहा यार्ड मागे, चेंडू हलायच्या आधी हललं तर पाच. या पाचांच्या भिंतीला ऑफेन्सिव्ह लाइन म्हणतात, आणि मी आज एका कॉलेजात तिचा कोच आहे.

तिथवर पोचायला नऊ वर्षं लागली.

आठवड्याभरानं मी धीर करून लाइनच्या कोचना म्हणालो, तुमच्या डाव्या गार्डची कंबर हात लागायच्या आधीच वर येते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. कुणी सांगितलं? मी म्हटलं, मी कुस्ती खेळलोय. त्यांनी हातातली शिट्टी खिशात टाकली आणि मला मैदानाच्या कडेला नेऊन एकदा पट काढून दाखवायला सांगितलं. पुढे कळलं की भरतीला शाळांमध्ये जाणारे लाइन कोच मुलांना हमखास विचारतात, कुस्ती खेळतोस का? हिवाळ्यात कुस्ती खेळणाऱ्या मुलाला आपलं वजन कुठे आहे हे कळतं. त्या दिवसापासून सराव संपला की मला त्यांच्या खोलीत मागच्या खुर्चीवर बसायची परवानगी मिळाली.

न खेळलेल्या माणसाला या धंद्यात दार उघडं असतं का, हा प्रश्न मला तेव्हा फार छळायचा. माइक लीच यांची गोष्ट मी त्या काळात शोधून शोधून वाचली. त्यांनी कायद्याची पदवी घेतली होती, कॉलेजात फुटबॉल खेळले नव्हते, रग्बी खेळले होते. १९८७ साली कॅलिफोर्नियात कॅल पॉलीला त्यांनी सहायक म्हणून सुरुवात केली ती हंगामाला ३,००० डॉलरवर. पुढे हाल मम यांच्याबरोबर आयोवातल्या एका छोट्या कॉलेजात राहून त्यांनी चेंडू फेकण्यावर उभा असलेला 'एअर रेड' हा आक्रमणाचा प्रकार घडवला आणि तो देशभर पसरला. डिसेंबर २०२२ मध्ये ते गेले तेव्हा मला घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं, आणि मी त्यांना कधी भेटलोही नव्हतो.

पदवी झाल्यावर २०१६ च्या उन्हाळ्यात मला डिव्हिजन टूमधल्या एका कॉलेजात ग्रॅज्युएट असिस्टंटची जागा मिळाली. टीव्हीवर दिसतं ते डिव्हिजन वनचं फुटबॉल, लाख-लाख माणसं बसणारी मैदानं. आमचं मैदान भरलं तर चार हजार. माझी एम.ए.ची फी माफ होती आणि वर्षाला ९,००० डॉलर मिळणार होते. तिघे जी.ए. एका घरात राहायचो. जेवणघराला पडदा लावला होता, ती माझी खोली. मोठमोठे कोच याच जागेवरून पुढे गेले आहेत हे मला पाठ होतं. निक सेबन यांची सुरुवात १९७३ मध्ये आमच्याच ओहायोतल्या केंट स्टेटला जी.ए. म्हणूनच झाली होती. पण पहाटे चारला सरावाचे ओले टॉवेल मशीनमध्ये टाकताना सेबन आठवत नाहीत. टॉवेल सहाच्या आत वाळायला हवेत, हेच डोक्यात असतं.

जी.ए.चं खरं काम म्हणजे फिल्म. रविवारी पुढच्या प्रतिस्पर्ध्याचे मागचे चार सामने हडल या चित्रणाच्या वेबसाइटवर येतात. प्रत्येक प्ले, म्हणजे एकेक प्रयत्न, दोन कॅमेऱ्यांतून, एक बाजूचा, एक गोलमागचा. एका सामन्यात त्यांच्या बचावाचे साधारण ६५-७० प्ले. प्रत्येकापुढे रकाने भरायचे. कितवा प्रयत्न, किती यार्ड हवेत, चेंडू मैदानाच्या कुठल्या अंगाला, समोरच्या संघात किती रनिंग बॅक आणि किती टाइट एंड, म्हणजे लाइनच्या टोकाला उभे राहून अडवणारे आणि झेलणारेही (एक आणि एक असले की त्याला '११' म्हणतात, एक आणि दोन असले की '१२'), बचावाचे किती जण हात टेकून, कोण आत घुसला, मागचे कसे पसरले. पहिला सामना भरायला मला साडेसात तास लागले. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी अडीच. मग त्या रकान्यांतून छापील कागद निघायचे, आणि सोमवारी रात्री मोठ्या कार्डांवर जाड पेननं आकृत्या काढायच्या. ही कार्डं बघून आमचीच राखीव मुलं मंगळवारी प्रतिस्पर्ध्याची नक्कल करायची. मंगळवारी पहिला-दुसरा प्रयत्न, बुधवारी तिसरा, गुरुवारी गोलजवळचे प्ले, शुक्रवारी नुसतं चालत चालत सगळं एकदा, शनिवारी सामना. चौदा-पंधरा आठवडे हेच.

हे काम कंटाळवाणं आहे असं मला कुणी म्हटलं तर मी भांडतो. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये एका संघाचा उजवा डिफेन्सिव्ह एंड, म्हणजे बचावाच्या पुढच्या रांगेतला टोकाचा माणूस, सगळ्यांना भारी पडत होता. कधी बाहेरून यायचा, कधी अचानक आतल्या बाजूला शिरायचा आणि त्याच्या जागी दुसरा बाहेरून वळसा घालायचा. रकान्यांत काही सापडेना. मी आवाज बंद केला आणि तालमीत बघायचो तसं फक्त पायांकडे बघायला लागलो. चार सामन्यांत तो एकोणीस वेळा आत शिरला होता, त्यातल्या अठरा वेळा त्याचा आतला पाय नेहमीपेक्षा वीतभर मागे होता. रात्री दोन वाजता मी लाइन कोचना मेसेज केला. ते सकाळी सहाला माझ्या आधी येऊन ते अठरा प्ले बघत बसले होते. आठवडाभर आम्ही डाव्या टॅकलला एकच गोष्ट शिकवली, हात टेकून बसताना त्याच्या पायाकडे बघ. शनिवारी तिसऱ्या तासात तो एंड आत वळला तेव्हा आमचा गार्ड त्याची वाटच बघत उभा होता, आणि टॅकल शांतपणे बाहेरच्या माणसाकडे सरकला. दोघांनी आपापली माणसं एकमेकांच्या हातात दिल्यासारखी दिली. क्वार्टरबॅकला अंगाला हात न लागता चेंडू फेकता आला. मी वर काचेमागे बसून हेडसेटवर बोलत होतो, एकदम बोलणंच सुचेना.

२०१८ मध्ये ते कोच वरच्या डिव्हिजनला गेले आणि लाइन माझ्याकडे आली. मी २६ वर्षांचा होतो. पगार ३२,००० डॉलर.

शिकवायला लागल्यावर कळलं की मला जे दिसतं ते मला सांगता येत नाही. पहिलं पाऊल सहा इंचांचं का, हे मी मुलांना चार दिवस नीट सांगू शकलो नाही. खरं कारण दुसऱ्या पावलात आहे. समोरच्याशी टक्कर व्हायच्या आत दुसरा पाय जमिनीवर पडलेला हवा. एक पाय हवेत असताना धक्का बसला तर १३५ किलोचा माणूसही मागे जातो. पहिलं पाऊल मोठं पडलं की दुसरं उशिरा पडतं, म्हणून पहिलं लहान. शेवटी मी त्यांना शब्दांनी सांगायचं सोडून एकेकाला एका पायावर उभं केलं आणि बोटानं ढकललं. पुढचा अर्धा तास सगळे एकमेकांना ढकलत होते.

आमच्याकडे लोखंडी नळ्यांचा एक बुटका मांडव असतो, त्याला शूट म्हणतात. डोकं आपटू नये तर त्याच्याखालून वाकूनच बाहेर पडावं लागतं. दोन पायांच्या मधे लाकडी फळी ठेवतात, म्हणजे पाय जवळ येत नाहीत. ही दोन साधनं आणि माझा आवाज, यावर सगळं उभं. वेळ फार कमी मिळतो. हंगामात खेळाडूचे आठवड्याला २० तासच घेता येतात, दिवसाला चारच्या वर नाही, आणि एक दिवस पूर्ण सुट्टी. सामना, व्यायाम, बैठका सगळं त्यातच. हा नियम मला आवडतो, मुलं विद्यार्थी आहेत. पण त्यामुळे कोचला मंगळवारची ती बारा मिनिटं, ज्यात लाइन त्याच्या एकट्याच्या ताब्यात असते, ती रात्रभर मनात घोळवावी लागतात.

२०१९ च्या हंगामात आई आठवडाभर माझ्याकडे राहायला आली. मी करतो काय, हे तिला कधी नीट कळलं नव्हतं. नातेवाइकांना ती "कॉलेजात आहे" एवढंच सांगायची. रविवारी सकाळी मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर फिल्म लावून गुण देत बसलो होतो. सामन्यातल्या प्रत्येक प्लेला प्रत्येक मुलाला अधिक किंवा उणे. ती कांदा चिरता चिरता बघायला लागली. गोलमागचा कॅमेरा, आवाज बंद. दहा-बारा प्ले झाले असतील.

"अरे, हा उजवीकडून दुसरा," ती म्हणाली, "हा सगळ्यांच्या मागून उठतोय रे. दर वेळी."

उजवा गार्ड. मला माहीत होतं. तीन आठवडे मी त्याला उणे देत होतो आणि आळशी म्हणत होतो.

"त्याची मान बघ की," आई म्हणाली. "तो मागं बघतोय. बाकीचे बघत न्हाईत."

तोंडी इशारा न देता खेळताना गार्ड मागे वळून क्वार्टरबॅककडे बघतो, त्यानं पाय उचलला की सेंटरला चापट मारतो, आणि सेंटर चेंडू मागे देतो. ते काम मीच या मुलाला दिलं होतं. मान पुढे वळवून नजर स्थिर होईपर्यंत त्याचा तो क्षण जायचा. चूक माझी होती आणि उणे त्याच्या नावावर पडले होते. सोमवारी मी त्याला सगळ्यांसमोर हे सांगितलं, आणि चापट मारल्यावर सेंटरनं एक ठोका थांबून चेंडू द्यायचा असं ठरवलं. आईला हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, मग आता त्याला मार्क वाढवून दे.

भरतीचं काम मला सगळ्यात जड जायचं आणि आजही जातं. डिसेंबर ते फेब्रुवारी मी गाडीतच राहायचो. माझ्या वाट्याला ईशान्य ओहायो होतं, म्हणजे कॅन्टन आणि मॅसिलनचा टापू. मॅसिलनमध्ये मुलगा जन्मला की त्याच्या पाळण्यात छोटा फुटबॉल ठेवतात. तिथल्या शाळेत पॉल ब्राउन कोच होते. प्रतिस्पर्ध्याची फिल्म बघणं, खेळाडूंना वर्गात बसवून वहीतून शिकवणं, सहायकांना वर्षभराच्या पगारावर ठेवणं, माझं रोजचं सगळं काम ज्यांच्यापासून सुरू झालं असं मानतात ते हे गृहस्थ. शाळेच्या मैदानाला त्यांचं नाव आहे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला खासबाग मैदान आठवलं.

डिव्हिजन टूला पूर्ण संघासाठी जास्तीत जास्त ३६ शिष्यवृत्त्या, आणि संघात मुलं शंभराच्या वर. म्हणून त्यांचे तुकडे करतात. कुणाला अर्धी, कुणाला पाव, कुणाला नुसती पुस्तकं. हे मुलाच्या घरी जेवणाच्या टेबलावर बसून सांगायचं असतं. जानेवारी २०१९ मध्ये अशाच एका घरी मी गेलो. आई रात्रपाळीची नर्स, घरात ती आणि दोन मुलं. थोरला सेंटर होता, उंचीला कमी, पण पाय सोन्यासारखे. मी पैशांचं सांगितलं. ती मधे काही बोलली नाही. शेवटी म्हणाली, "कोच, पैशांचं मी बघेन. माझा मुलगा तिथे चार वर्षं राहणार. तुम्ही राहाल का?"

मी हो म्हणालो.

खोटं बोलायचा हेतू नव्हता. मला तसंच वाटत होतं. पण माझा करार एक वर्षाचा होता, मुख्य कोचचाही फार मोठा नव्हता, आणि हे मला ठाऊक असूनही मी हो म्हणालो.

२०२० चा हंगाम झालाच नाही. ऑगस्टमध्ये डिव्हिजन टूच्या राष्ट्रीय स्पर्धा रद्द झाल्या आणि आम्ही वर्षभर मुखपट्ट्या लावून, सहा-सहाच्या गटांत, रिकाम्या मैदानावर पावलं घोटवत राहिलो. त्या वर्षात तो सेंटर तयार झाला. आठवड्यातून दोनदा रात्री तो स्वतःहून फोन करायचा, फिल्मबद्दल बोलायला.

२०२१ मध्ये आम्ही ११ पैकी ४ सामने जिंकलो. शेवटचा सामना शनिवारी झाला. रविवारी सकाळी आठला सगळ्या कोचना बैठकीच्या खोलीत बोलावलं. चार-पाच मिनिटं लागली असतील. मुख्य कोचना काढलं होतं, आणि नवीन येणारा आपली माणसं आणणार, त्यामुळे आम्हा सगळ्यांनाही. पगार आणि विमा डिसेंबरअखेरपर्यंत. किल्ल्या टेबलावर ठेवा. दुपारी मेल बंद झाला. माझ्या पाच मुलांनी त्या वर्षी संघाच्या इतिहासातल्या चांगल्या लाइनींपैकी एक उभी केली होती, पण त्याचा त्या खोलीत काही संबंध नव्हता. सहायक कोचचं आयुष्य दुसऱ्याच्या सहीवर चालतं, हे ऐकून माहीत होतं. बायको पाच महिन्यांची गरोदर असताना ते कसं लागतं, हे त्या दिवशी कळलं. तिनं मला एकच प्रश्न विचारला, विमा कधीपर्यंत आहे? मग तिनं वही काढली आणि आम्ही दोघं हिशेब करत बसलो.

खोक्यात वह्या भरून मी पार्किंगमध्ये आलो तर सेंटर माझ्या गाडीपाशी उभा होता. त्यानं काही विचारलं नाही. खोकं उचलून डिकीत ठेवलं. मला त्याच्या आईचा चेहरा आठवत होता.

जानेवारीत अमेरिकन फुटबॉल कोचेस असोसिएशनचं अधिवेशन भरतं. १९२२ पासूनची संस्था. दिवसा व्याख्यानं असतात, पण ज्याला नोकरी हवी आहे त्याचं अधिवेशन हॉटेलच्या लॉबीत होतं. २०२२ ला ते सॅन अँटोनियोला होतं. हजारो कोच, सगळ्यांच्या छातीवर आपापल्या कॉलेजचं चिन्ह. ज्यांचे शर्ट कोरे, ते माझ्यासारखे. लोक बोलताना आधी छातीकडे बघतात, मग चेहऱ्याकडे. मी चाळीस बायोडाटा छापून नेले होते, पस्तीस उरले. ओळखीशिवाय इथे काही हलत नाही हे मी मान्य करतो, पण त्या लॉबीत मला ते फार अन्यायाचं वाटलं. तिथे पन्नाशीचे कोच होते, वीस वर्षं शिकवलेले, आणि पंचविशीच्या पोरांसमोर हसून उभे होते.

तिसऱ्या दिवशी माझ्या जुन्या लाइन कोचचा फोन आला. मैदानी प्रदेशातल्या एका डिव्हिजन वन, एफसीएस गटातल्या, म्हणजे डिव्हिजन वनच्याच दुसऱ्या फळीतल्या, कॉलेजला माणूस हवा होता. रात्री दहा वाजता हॉटेलच्या खोलीत मुलाखत. तिघे जण, एक पांढरा फळा. त्यांनी विचारलं, 'इनसाइड झोन', म्हणजे चेंडू घेऊन मधून पळायचा प्ले, समोर तीन जण हात टेकून असताना कसं खेळाल? मी फळ्यावर काढलं. कुठले दोघे मिळून एकाला उचलणार, त्यातला कोण सुटून लाइनबॅकरकडे, म्हणजे बचावाच्या दुसऱ्या रांगेतल्या माणसाकडे, जाणार, कधी. मग मुख्य कोच म्हणाले, हे सगळ्यांना काढता येतं, मला शिकव. मी १८ वर्षांचा आहे, काही येत नाही.

मी बाथरूममधला टॉवेल आणला, लांब घडी घातली आणि जमिनीवर ठेवला. त्यांना म्हटलं, दोन पाय टॉवेलच्या दोन बाजूंना. एक हात खाली. आता सहा इंच. त्यांनी टाकलं ते पाऊल फूटभराचं होतं. मी खांद्याला बोट लावलं आणि साठीचा तो माणूस पलंगावर बसला. मग मी दुसऱ्या पावलाचं सांगितलं. त्यांनी पुन्हा केलं. पाच-सहा वेळा. या वेळी बोटानं ते हलले नाहीत. उठून त्यांनी गुडघे झटकले आणि विचारलं, सामान किती आहे तुमचं?

सुरुवातीला टाइट एंड माझ्याकडे होते, त्याच उन्हाळ्यात लाइन मिळाली. लेक नव्या गावात जन्मली, नव्या विम्यावर. पगाराचं सांगायचं तर बरा आहे, आणि या व्यवसायात 'बरा' म्हणजे काय हे सांगणं अवघड. २०१८ मध्ये लुइझियाना स्टेटनं डेव्ह अरांडा या सहायकाशी वर्षाला २५ लाख डॉलरचा करार केला होता. उत्तम सहायकाला १९९६ पासून फ्रँक ब्रॉइल्स यांच्या नावानं पुरस्कार मिळतो. ही माणसं खरी आहेत आणि त्यांनी ते कमावलं आहे. पण त्यांच्या खाली हजारो जण आहेत ज्यांची वर्षं माझ्या वर्षांसारखी जातात, आणि त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून मी हे लिहितो आहे.

२०२३ च्या हंगामानंतर माझा डावा टॅकल ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंच्या यादीत, गेला आणि मोठ्या कॉलेजनं त्याला उचललं. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे मिळवता येतात. त्याला तिथे जे मिळणार होतं ते माझ्या पगाराहून जास्त होतं. दोन वर्षं घडवलेला मुलगा. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. पण बरेच कोच पोर्टलला शिव्या देतात तशा मी देऊ शकत नाही. कोच हंगाम संपायच्या आत दुसरीकडे जातात, त्यांना कुणी थांबवत नाही. मुलांना मात्र वर्षानुवर्षं त्यासाठी एक हंगाम बाहेर बसावं लागायचं. माझ्यावर विसंबून एक मुलगा आला होता आणि दोन वर्षांनी मीच तिथे नव्हतो. त्या टॅकलला मी त्याच्या नव्या कोचसाठी त्याच्या पायांबद्दल दोन पानं लिहून दिली.

भरतीला जातो तेव्हा तो प्रश्न अजून येतो. तुम्ही राहाल का? आता मी सांगतो, मला ठाऊक नाही, माझा करार वर्षाचा आहे. सांगतो की मी असेन तोवर तुमच्या मुलाला पायावर उभं राहायला शिकवीन. दोन चांगली मुलं त्यामुळे दुसरीकडे गेली.

गेल्या वर्षी मे महिन्यात रात्री साडेअकराला सेंटरचा फोन आला. करोनामुळे मिळालेलं जादाचं वर्षही खेळून तो पदवीधर झाला होता. एका डिव्हिजन टू कॉलेजनं त्याला जी.ए.ची जागा देऊ केली होती. घेऊ का, कोच? मी म्हटलं, आधी तीन गोष्टी लेखी विचार. फी पूर्ण माफ की फक्त हंगामातल्या सत्राची? उन्हाळ्यात राहायला जागा कोण देणार? आणि विमा? मुख्य कोचच्या कराराची किती वर्षं उरली आहेत तेही विचार, लाजू नकोस. तो लिहून घेत होता, पेनचा आवाज येत होता.

मग थोडा वेळ तो गप्प राहिला.

"आईला काय सांगू?" त्यानं विचारलं. "ती म्हणते, इतकं शिकून नऊ-दहा हजार डॉलरवर टॉवेल धुवायला जातोस? तिला अजून कळलेलं नाही की लाइनवर आम्ही काय करायचो."

"तिची सुट्टी कधी असते?"

"रविवारी."

"मग रविवारी तिला तुझा एखादा सामना दाखव," मी म्हटलं. "बाजूच्या कॅमेऱ्याचा नको, गोलमागच्या कॅमेऱ्याचा. आवाज बंद ठेव, आणि ती आपणहून काही बोलेपर्यंत तू बोलू नकोस."